ओट्यापासून बागेपर्यंत

ओट्याच्या कडेवरची खडूची रेघ टोकाशी बोटभर वाकडी झाली होती. राजारामपंतांनी ती पुसून पुन्हा मारली. पुन्हा वाकडीच आली.

दादरच्या घरामागे बाग, बागेत शहाबादी फरशीची वाट आणि दगडी बाक, हे बेत जुनेच होते. मधल्या काळात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्यांच्या मुलाच्या, अनंताच्या, पायाला गोळी लागली. जखम चिघळली. पाय काढायला डॉक्टर कालपासून संमती मागत होते, आणि राजारामपंत “विचार करून सांगतो” म्हणून घरी आले होते.

“पंत, बागेत उतरायला पायऱ्या किती धरू?” गणपत मिस्त्रीने विचारले.

“चार. रुंद ठेव. अनंता एका उडीत दोन-दोन गाळतो.”

“मग दोनच बांधतो की!” गणपत हसला. त्याला काही ठाऊक नव्हते.

बकुळाबाई इस्पितळात न्यायचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या. “अहो, डॉक्टर दुपारपर्यंतच थांबणार आहेत. विष वर चढलं, तर पोर हाती लागायचं नाही.”

“पायऱ्यांचं ठरू दे आधी!” ते खेकसले.

बकुळाबाई हलल्या नाहीत.

राजारामपंत खाली बसले. खडूची रेघ तळव्याने पुसत म्हणाले, “गणपत, पायऱ्या नकोत. उतार कर. कुबडी घसरणार नाही असा.”