नको म्हणायची रीत

प्रमिलाताईंनी कडू कॉफीचा इवलासा कप आठव्यांदा रिकामा केला आणि म्हाताऱ्या झुवैनाने तो लगेच पुन्हा भरला. ओमानच्या वाळवंटातल्या त्या खजुरांच्या गावात एवढ्या मायेने दिलेलं नाकारायचं कसं? छाती तर धडधडू लागली होती. शेजारी वामनराव मात्र निवांत खजूर चघळत होते.

“अहो, तुम्हाला का नाही ओतत ती?”

“मी कप हलवला. इथे त्याचा अर्थ ‘पुरे’.”

“आणि हे मला आत्ता सांगताय?”

ताईंनी रागारागाने कप हलवला. झुवैनाने हसून किटली बाजूला ठेवली आणि हलव्याचं ताट पुढे सरकवलं.

“आता हलव्याला नको म्हणायला काय हलवायचं?”

“मान,” वामनराव म्हणाले. “पण तिचा उपयोग होत नाही. तू वाढतेस तेव्हा चाळीस वर्षं मी तीच हलवतोय.”