खाडीचा निर्वाळा

गणित सांगत होतं की खाडीत विष आहे. बाटल्या सांगत होत्या की नाही. तीन वर्षं हे भांडण चाललं. शेवटी जिनदासने बाटल्यांची बाजू घेतली आणि गणितच बदललं. माणूस सरळ होता. समोर आलेला आकडा तो नाकारणार कसा?

किनाऱ्यावरच्या एका कारखान्याचं किरणोत्सारी सांडपाणी त्या खाडीत जायचं. ते किती जातं त्यावरून संशोधक जिनदासने खाडीतल्या विषाचं गणित मांडलं होतं. हे विष पाण्यात फारसं राहत नाही, गाळाला चिकटतं. म्हणून जिनदास मुद्दाम भरतीचं गढूळ पाणी बाटल्यांत भरायचा. मग पेटी घेऊन नागपूरच्या प्रयोगशाळेकडे निघायचा आणि वाटेत एक दिवस कारंजाच्या जैन वस्तीत आईकडे, कंचनबाईकडे उतरायचा. गारवा म्हणून पेटी तिच्या स्वयंपाकघरात ठेवायचा. प्रयोगशाळेचं उत्तर दर वेळी एकच: धोका नाही.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर तो असाच घरी आला होता. दुपारी दारात ट्रक थांबला आणि सोमला उतरला. मानोऱ्याकडच्या एका तांड्याचा हा मुकादम. यंदा पहिल्यांदाच त्याने त्या खाडीतला गाळ उपसायचं काम घेतलं होतं, आणि तिथलं पाणी जिनदास तपासतो हे त्याला ठाऊक होतं. ट्रकमध्ये चाळीस माणसं होती. त्यात त्याची सून चंदाबाई आणि तिची दोन लेकरं. तिथल्या पाण्याबद्दल तिच्या कानावर काहीबाही आलं होतं, आणि ती अडून बसली होती.

"तुमीच सांगा," सोमला म्हणाला. "लेकरं दिवसभर चिखलात राह्यतीन. धोका असन तर ट्रक इथूनच वापस नेतो."

एवढा विश्वास पाहून जिनदासला भरून आलं. त्याने तीन वर्षांचे कागद आणून चंदाबाईला एकेक आकडा समजावून सांगितला.

"एकेक बाटली म्या माह्या हातानं भरली हाय," तो म्हणाला. "खाडी साफ हाय. बिनघोर जा."

चंदाबाईचा जीव भांड्यात पडला. ट्रक धुरळा उडवत निघून गेला.

तेवढ्यात कंचनबाई घाईघाईने बाहेर आली. हातात फडक्याने तोंड बांधलेला तांब्या होता.

"गेला का रे सोमला? हे जिवाणी, फडक्यातले जीव धुतलेलं पाणी, त्याच्या हाती द्याची होती. तुह्या बाटल्यांतलं पाणी दुहेरी फडक्यानं गाळल्याबिगर म्या कधी जाऊच देल्लं नाही. आतापावतर ते जीव नदीत सोडले, पण खाडीतले जीव खाडीतच गेले पायजेत ना."