सत्तावीस सेकंद

"विहीर," हर्षा म्हणाली आणि तिने स्टॉपवॉचचं बटण दाबलं.

शेवंता गप्प झाली.

त्याआधीच्या अकरा शब्दांना तिने पटापट उत्तरं दिली होती. झाड म्हटल्यावर पान, आई म्हटल्यावर भाकरी, रस्ता म्हटल्यावर एस.टी. तालुक्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाचं मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक चाललं होतं. शब्द ऐकायचा आणि मनात पहिलं येईल ते बोलायचं, एवढीच चाचणी. एरवी या तासाला पोरं पेंगायची. आज माना उंच करून बघत होती. सगळ्यात मागे विभागप्रमुख सोमाजी सर वही घेऊन बसले होते. हर्षाची नोकरी अजून हंगामी होती. तिला कायम करावं की नाही, याची शिफारस ते पंधरा दिवसांत लिहिणार होते.

"चप्पल," शेवंता अखेर म्हणाली.

पोरं खो खो हसली.

"सत्तावीस सेकंद!" हर्षाने फळ्यावर आकडा लिहिला. तिच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. "पुस्तकात वाचलंत ना, ते हेच. माणूस जिथे अडखळतो, तिथे काहीतरी दडपलेलं असतं. शेवंता, विहीर म्हटल्यावर चप्पलच का आठवली?"

शेवंताने टेबलाची कड धरली. "असंच, मॅडम."

"असंच काही नसतं. आठवून सांग."

"नको, मॅडम."

"अगं, या वर्गात लाजायचं नसतं. बोल, मोकळी हो."

शेवंताचे ओठ पांढरे पडले. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशी ती एका सुरात म्हणाली, "अक्काच्या चपला विहिरीच्या काठावर नीट जोडून ठेवलेल्या व्हत्या."

वर्गात कुणी हललं नाही. मग घंटा झाली. जाताना सोमाजी सर हर्षापाशी थांबले. "असा जिवंत तास बऱ्याच वर्षांनी पाहिला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेवंता आली नाही. त्या आठवड्यात आलीच नाही. परीक्षा महिन्यावर आली होती. वर्गातल्या तिच्या गावच्या मुलीने सांगितलं, शेवंताने कॉलेज सोडलं. हर्षाने सरांना सांगितलं, "मला काही कल्पना नव्हती." स्टाफरूममध्ये तेच सांगितलं. मंचरला घरी आईला, झमकूबाईंना, तेच सांगितलं. "तुला गं काय माहीत असणार," झमकूबाई म्हणाल्या. त्यावर तिचं समाधान व्हायला हवं होतं. पण जेवण जाईना. रविवारी सकाळी ती शेवंताच्या गावाला, मढला जाणाऱ्या एस.टी.त बसली.

शेवंताची आई ठकूबाई अंगणात हिरडा वाळत घालत होती. कोण आलंय हे कळल्यावरही तिचे हात थांबले नाहीत.

"थोरलीचा पाय घसरला म्हनून सांगितलं व्हतं आमी," ती खाली बघूनच बोलली. "तिच्या सासरला, गावाला, पोलिसालाबी. चार वरसं निभावलं. आता पाण्याला गेलं की बाया मलाच इचारत्यात, चपला काढून ठिवल्या व्हत्या का म्हनून. काय सांगू त्यास्नी?"

"मला खरंच कल्पना नव्हती, मावशी."

"अन् या पोरीचं काय? हिला तुमच्यावानी व्हायचं व्हतं. एम.ए. करीन, मॅडमसारखं मनाचं शिकवीन म्हनायची. घरात दुसरा इषय नसायचा. आता तुमचं नावबी काढीत न्हाई."

बोलणं ऐकून शेवंता दारात येऊन उभी राहिली. ती रागावलेली दिसत नव्हती. हर्षाला तेच जड गेलं.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार ना."

"मी नको म्हनाले, तवा माझा चेहरा दिसत व्हता ना तुमाला?"

"अगं, मला खरंच कल्पना..."

पुढचं ऐकायला शेवंता थांबली नाही. ती आत वळली. तिच्या वळण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. एक काम संपलं, एवढंच होतं.

"दिसत होता," हर्षा म्हणाली.

शेवंता उंबऱ्यातच थांबली.

"तू टेबल धरलंस तेव्हाच कळलं होतं मला. इथे थांबायला पाहिजे, हेही कळलं होतं. पण मागे सर बसले होते. पहिल्यांदाच सगळा वर्ग माझ्याकडे डोळे लावून बघत होता. मला थांबायचं नव्हतं. म्हणून मी पुन्हा विचारलं."

हिरड्यावरून फिरणारे ठकूबाईचे हात थांबले. हे तिने आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"हे वर्गात म्हनाल?" शेवंताने विचारलं. "सर मागं बसलेले असताना?"

सर शिफारस मंगळवारी पाठवणार होते. पाच वर्षं हर्षा त्या एका कागदाची वाट बघत होती.

"म्हणेन," हर्षा म्हणाली.

शेवंताने तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. हर्षाने नजर वळवली नाही.

"मग उद्या येते मी," शेवंता म्हणाली. "शिकायला."