बिनचिठ्ठीची द्राक्षं

समजा, मुलांनो, तुम्ही पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसच्या शेडमध्ये उभे आहात. समोर द्राक्षांचे तेवीस क्रेट आहेत आणि एकावरही चिठ्ठी नाही. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक क्रेटवर बागेचा नंबर लिहिलेली चिठ्ठी लागते. ती एकदा निघाली, की माल कुठल्या बागेतला याचा पुरावा उरत नाही, आणि मग कितीही गोड असला तरी तो बाजूला पडतो. या चिठ्ठ्या काढल्या होत्या नऊ वर्षांच्या वैष्णवीनं. आता तुम्ही तिला काय विचाराल?

राखीनं विचारलं, "का काढल्यास?"

वैष्णवी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

राखी दिवसा अंबडच्या कारखान्यात काम करायची आणि संध्याकाळी कॉलेजात समाज आणि गुन्हेगारी न्याय या विषयाची पदवी शिकायची. आज कारखान्यातून रजा घेऊन ती आली होती; दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून बोलतं करायला कॉलेजातल्या सरांनी तिला पहिल्यांदाच एकटीला पाठवलं होतं. पुस्तकात होत्या तशा तिनं खुर्च्या गोल मांडल्या आणि प्रश्नांचा छापील फॉर्म मांडीवर घेतला. पण ज्यांचा माल गेला त्या सगुणाबाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. त्या खाली गोणपाटावर बसून घडातले फुटके मणी कात्रीनं काढत होत्या. हा माल आता अंधार पडायच्या आत जवळच्या बाजारात तरी पोचायला हवा होता.

"तू पोलिसातली हाय का गं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही मावशी. शिकतेय अजून. कुणाच्या हातून गुन्हा झाला, तर त्याचं, ज्याचं नुकसान झालं त्याचं आणि गावाचं पुढं काय करायचं, ते."

"त्याला कॉलेज लागतं?"

"लागतं."

"आन् नापास बी करतात?"

"करतात की," राखी म्हणाली, आणि तिला वाटलं, आज आपण होणारच.

मॅनेजर महेश कागद घेऊन आला. "मावशी, सही करा. पोरीची तक्रार पोलिसात देतो आणि तिच्या आईला उद्यापासून कामावरून बंद. आमच्याच कामगाराची पोर असं करायला लागली तर उद्या माल कोण देईल आम्हाला?"

वैष्णवीची आई, लताबाई, आतल्या दारात उभी होती. डोक्यावरची कामाची टोपी तिनं काढून मुठीत चुरगाळली होती.

"थांब रं जरा," सगुणाबाई म्हणाल्या. "हात रिकामे नायत माझे."

राखीनं फॉर्म उलटसुलट केला. पुढचा प्रश्नही 'का'नंच सुरू होत होता. तिनं फॉर्म खुर्चीवर ठेवला, खाली गोणपाटावर बसली आणि म्हणाली, "मावशी, दुसरी कात्री आहे?"

"दोनच हायत. एक तिला दे. ए पोरी, घड देठाला धर. मण्याला बोट लावू नको, वरची पांढरी साय पुसली जाती."

तिघी कामाला लागल्या. राखीला कात्री नव्हती, म्हणून ती साफ झालेले घड क्रेटमध्ये मांडू लागली. एक क्रेट झाला. दुसरा अर्धा झाला. मग वैष्णवी घडाशीच बोलल्यासारखी बोलली.

"मागची बाजू कोरी होती."

"कशाची?" राखीनं विचारलं.

"चिठ्ठीची. माझी वही संपली. आईची सुट्टी होईपर्यंत मी चित्रं काढते."

"आन् पुढच्या बाजूला काय होतं?" सगुणाबाईंनी विचारलं.

"नुसता नंबर होता."

सगुणाबाईंची कात्री थांबली. "नुसता नंबर नाय, बाई. तो म्हणजे मी. निफाडची बाग औंदा पयल्यांदा माझ्या नावावर लागली. म्हातारी झाले तवा. त्या नंबरानं माझी द्राक्षं समुद्र वलांडून जायची होती."

वैष्णवीनं पहिल्यांदा वर पाहिलं. घड तिच्या हातात तसाच लोंबकळत राहिला. "मला ठाऊक नव्हतं, आजी," ती म्हणाली. तिनं तोंड फिरवलं नाही.

दारातली लताबाई दोन पावलं पुढं आली आणि थांबली.

"मावशी," राखीनं हळूच विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"मला?" सगुणाबाई गोंधळल्या. त्यांनी कात्री पदराला पुसली, परत पुसली. "मला काय हवंय, हे आजवर कुणी इचारलंच नाय. समदे सही कर म्हन्तात." मग त्या लताबाईकडे वळल्या. "ऐतवारी हिला घेऊन ये बागेत, लताबाई. येल दाखवते हिला. आन् महेश, तो कागद फाड. हिच्या आईला बंद केलंस, तर फुडल्या साली माझा माल दुसरीकडं जाईल."

महेश राखीकडे बघत पुटपुटला, "हे कॉलेजात शिकवतात का?" पण कागद त्यानं फाडला.

"तुझं भलं होवो, पोरी," सगुणाबाई राखीला म्हणाल्या.

"नाही मावशी, आभार मी मानायचे. तुमचेही आणि हिचेही," राखी म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. जे दोन वर्षं वर्गात ऐकलं होतं, ते आज या दोघींनी तिला खाली बसवून शिकवलं होतं. फॉर्म मात्र कोराच राहिला.

शेवटचा क्रेट भरला. वैष्णवीनं कात्री परत दिली, हात फ्रॉकला पुसले आणि शेडच्या पलीकडच्या टोकाला गेली. तिथं दुसऱ्याच कुणाच्या क्रेटची थप्पी नुकतीच उतरली होती. टेम्पोवाला दोर गुंडाळत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "काका, ही द्राक्षं कुणाची?"