जड सायकल

थंडीभर कामावर जाताना सायकल डबलसीट असल्यासारखी जड जायची. परतताना मात्र हलकी. उन्हाळ्यात चेन बदलली, टायर बदलले, सायकलवाल्याचं घर भरलं. फरक शून्य.

"वय झालं तुमचं," बायको म्हणाली.

"वय काय फक्त सकाळीच होतं?"

पावसाळ्यात एकदा कारखान्याच्या गेटवर उतरलो, तर अख्खी सायकल चिंब आणि मागचं कॅरिअर कोरडं ठणठणीत. डोकंच फिरलं. संध्याकाळी पान्याने कॅरिअर काढून माळ्यावर फेकलं.

आज सकाळी पाऊस धो धो होता. सायकल तितकीच जड गेली.

गेटवर उतरलो. पाठ निथळत होती, बाह्या निथळत होत्या. पुढची दांडी कोरडी होती. आणि माझा शर्ट छातीपाशी, कुणी डोकं टेकावं तेवढाच, कोरडा आणि उबदार होता.