दुसरा भाग

कायदा शिकवायला नव्यानेच लागलेल्या बाई पुस्तकांच्या दुकानात बराच वेळ दोन पुस्तकं चाळत होत्या. वर्गाला त्यातलं एकच लावायचं होतं. एकात चौकाचौकातल्या कॅमेऱ्यांनी माणूस कसा हुडकावा ते होतं, तर एकात कायद्याने या हुडकण्याला कुठे अडवता येतं ते. बाईंनी अडवणारं उचललं.

"हा पहिला भाग," म्हातारे दुकानदार म्हणाले. "दुसरा मागाहून येतो. ज्याने पहिला नेला, त्याच्या नावाची चिठ्ठी घालून आम्ही तो राखून ठेवतो. पण माझं ऐकाल तर कॅमेऱ्यांचं न्या. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

बाईंना हसू आलं. दुकानदारांच्या मागचं फडताळ त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागांनी गच्च भरलं होतं. प्रत्येकातून चिठ्ठी डोकावत होती आणि वर बोटभर धूळ.

"गिऱ्हाइकं भलतीच विसरभोळी दिसतात तुमची."

"विसरभोळी नव्हती हो," दुकानदार म्हणाले आणि त्यांनी दाराकडे पाहून घेतलं.

बाईंनी हात लांबवून वरच्याच प्रतीतली चिठ्ठी ओढली. तिच्यावर ज्या सरांचं नाव होतं, त्यांची जागा अचानक रिकामी झाली म्हणून तर बाईंना नोकरी लागली होती. सर परगावी गेले, एवढंच कॉलेजात सांगत.

बाईंनी चिठ्ठी होती तिथे सारली. पुस्तक मात्र हातातून खाली ठेवलं नाही.

दुकानदारांनी सुस्कारा सोडत एक कोरी चिठ्ठी फाडली. "नाव काय लिहू?"