पुढची सीट

लेक झाल्यापासून मी गाडीत तिच्याशेजारी, मागेच बसते. त्याआधी पुढे बसायचे, तेव्हा एकदा ब्रेक लागून कपाळाला चांगलं टेंगूळ आलं होतं. आमचे हे विज्ञानाचे मास्तर. म्हणाले, "जडत्व! गाडी थांबते, अंग थांबत नाही. बेल्ट लावत जा."

आज लेक आजीकडे राहिली, म्हणून मी पुढे बसले. अचानक कुत्रं मध्ये आलं. ह्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी ह्यांचा हात माझ्यापुढे आडवा आला. मी जागची हललेसुद्धा नाही.

"अगंबाई! हे कधी शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? सवयच झालीय हाताला."



इतकी वर्षं ही सीट रिकामी असते, असं मी समजत होते.